ना धड सायकल, ना धड गाडी

म्हात्रे पुलाजवळ डीपी रोडला ती लॉन्स आणि मंगल कार्यालयांची रांग आहे ना, तिथे मागच्या डिसेंबरात एका लग्नाला गेले होते, गोरज मुहूर्त. गेटवर व्हॅलेची तीनचार पोरं, गाड्या येतायत, चावी घेतायत, टोकन देतायत, माणसं अत्तराच्या वासासकट आत जातायत. त्या लायनीत एका भल्यामोठ्या पांढऱ्या एसयूव्हीच्या मागे मी. अंगात सिल्कचा कुर्ता, डोक्यावर हेल्मेट, मागच्या कॅरियरला आहेराची पिशवी बंजी कॉर्डने बांधलेली. पोरगा आला, म्हणला मॅडम गाडी कुठंय? म्हणलं हीच. त्याने मागे वाकून बघितलं, नंबर प्लेट शोधत होता. "नंबर?" "नाहीये." "चावी?" "चावी आहे." आता चावी आहे पण नंबर नाही म्हटल्यावर तो पार गोंधळला, चावी बॅटरीच्या लॉकची होती हे त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. शेवटी त्याने टोकन फाडलं आणि नंबराच्या जागी लिहिलं 'बिगर नंबर'. ते टोकन मी परत दिलंच नाही, अजून पर्समध्ये आहे.

बिगर नंबर. गेली दीड वर्षं मी या बिगर नंबर वस्तूवर, म्हणजे बॅटरी आणि मोटर लावलेल्या ई-सायकलवर, ऑफिसला जातीये, भाजी आणतीये, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे. आणि या दीड वर्षात माझ्या लक्षात आलंय की ही वस्तू नक्की काय आहे हे कोणालाच ठरवता येत नाहीये. मला पण नाही.

आमचं घर बावधनला. ऑफिस लॉ कॉलेज रोडच्या एका बोळात. मधलं अंतर आठ-साडेआठ किलोमीटर, म्हणजे गाडीने जायला जरा कमी आणि चालायला फारच जास्त. मध्ये चांदणी चौक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चांदणी चौक म्हणजे पूर्वी पुण्याच्या पश्चिमेचा घसा होता आणि तो कायम बसलेला असायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला जुना पूल सुरुंग लावून पाडला, अख्खं पुणं रात्री जागून टीव्हीवर ते बघत होतं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन उड्डाणपूल आणि त्याचे ते जिलबीसारखे रॅम्प झाले. घसा मोकळा झाला खरा, पण गर्दी फक्त पुढे सरकली. आता ती खाली कोथरूड डेपोपासून नळस्टॉपपर्यंत पसरलेली असते. सकाळी साडेनऊला कारने मला चाळीस मिनिटं लागायची, आणि शिवाय पोचल्यावर पार्किंगसाठी त्या बोळातून तीन चकरा, त्या मी वेळेत धरतच नव्हते कारण तोवर ऑफिस दिसलेलं असायचं ना, मन म्हणायचं पोचलो.

सायकल हा विचार तसा आधीच झालेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखी मी पण एक गियरची सायकल घेतली. सकाळी जाताना काय मजा, कोथरूडपर्यंत उतारच उतार, वाटायचं आपण अजून पंचविशीत आहोत. संध्याकाळी कोथरूड डेपो आला की खरं वय कळायचं. तिथून चांदणी चौकापर्यंतचा चढ, दिवसभर काम करून, पाठीवर लॅपटॉप, पोटात चारचा वडापाव. अर्ध्यात उतरून ढकलत न्यायचे आणि बाजूने बस जाताना खिडकीतली माणसं बघायची, काही दयेने, काही जण सरळ हसून. तीन आठवडे टिकले. मग ती सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडले. पुण्यात किती बाल्कन्यांत अशा सायकली टॉवेल वाळवतायत देव जाणे.

म्हणजे माझ्या आणि सायकलच्या मध्ये इच्छाशक्ती वगैरे काही नव्हतं, एक चढ होता. तो चढ कोणीतरी उचलून घेतला असता तर मी तेव्हाही गेले असते. मोटरचं काम एवढंच आहे हे मला ई-सायकल घेतल्यावर कळलं, आधी मला वाटायचं की ही म्हाताऱ्यांची किंवा आळशी लोकांची सायकल.

कसं चालतं ते सांगते कारण प्रत्येक सिग्नलला कोणीतरी विचारतंच. पेडलच्या दांड्यापाशी एक बारीक चकती असते, तिच्यावर लोहचुंबकाचे ठिपके, शेजारी सेन्सर. पाय फिरले की सेन्सरला कळतं, तो कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याला सांगतो आणि मागच्या चाकाच्या हबमधली, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर ढकलायला लागते. ढकलायलाच, ओढायला नाही, हा फरक पाठीला कळतो. लहानपणी सायकल शिकताना बाबा मागून कॅरियर धरून पळायचे तसं, फक्त हे बाबा दमत नाहीत आणि सोडून देत नाहीत. माझ्या सायकलचा सेन्सर साधा आहे, म्हणजे त्याला पाय फिरतायत एवढंच कळतं, किती जोर लावलाय ते कळत नाही (महागातल्यांना ते पण कळतं). त्यामुळे पहिल्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्येच मोटरच्या मदतीच्या पाचव्या लेव्हलला पेडल मारलं आणि गणपतीच्या मांडवातल्या उंदरासारखी सुटले ती थेट तीनशेदोनच्या काकूंच्या स्कूटरवर. स्कूटरला काही झालं नाही. काकूंना झालं.

मोटर अडीचशे वॅटची. नियमच तसा आहे, मोटर अडीचशे वॅटच्या आत, वेग ताशी पंचवीसच्या आत, मग ती कायद्याच्या दृष्टीने मोटारगाडी नाही, म्हणजे आरटीओ नाही, लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही. ऐकायला भारी वाटतं. पण अडीचशे वॅट म्हणजे काय तर आमच्या मिक्सरच्या निम्मी सुद्धा नाही. चटणी वाटणारी मोटर साडेसातशे वॅटची आणि मला चांदणी चौकात चढवणारी तिच्या निम्म्याहून कमी. यावर मी बरेच दिवस विचार करत होते. माझ्यासारखं साधं माणूस सलग पेडल मारून पाऊणशे-शंभर वॅट काढतं म्हणतात. म्हणजे मी अधिक माझ्यासारख्या अडीच-तीन बायका, एवढं बळ पुरतं एका बाईला, तिच्या डब्याला आणि बावीस किलोच्या सायकलला डोंगर चढवायला. आणि त्याच बाईला न्यायला मी रोज नऊशे किलोचं लोखंड सोबत नेत होते. हे एकदा डोक्यात बसलं की सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघताना वेगळंच काहीतरी दिसायला लागतं, एकेका माणसाने एकेक खोली सोबत आणलीये असं.

पैशांचं पटकन सांगून टाकते. सायकल पडली अडतीस हजारांना. बॅटरी छत्तीस व्होल्ट दहा अँपियर-अवर, म्हणजे पूर्ण भरायला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही, चारपाच रुपये. कंपनीच्या कागदावर साठ किलोमीटर लिहिलंय, मला पस्तीस मिळतात, आणि मला वाटतं ते साठ त्यांनी बहुतेक खाली उतारावर मोजले असावेत. एक दिवसाआड चार्ज करते. कारला रोजच्या जाण्यायेण्याला दीड लिटर पेट्रोल. नवऱ्याने एक्सेलमध्ये सगळं मांडलंय, त्यात बॅटरी तीनचार वर्षांनी बदलायचे बारा-पंधरा हजार पण धरलेत. तरी ती शीट कोणाला दाखवू नये, लोकांना आपण दिवाळखोर झालो असं वाटतं. एका नातेवाईकांनी तर खरंच हळूच बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना गं घरी?

पर्यावरणाचं मी फारसं बोलत नाही. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची आहे, ते माहितीये. पण जाऊबाईंनी इलेक्ट्रिक कार घेतली तेव्हा आम्ही दोघी गंमत म्हणून हिशोब करायला बसलो. त्यांची कार एका युनिटला सहासात किलोमीटर जाते, माझी सायकल ऐंशीच्या वर. जाऊबाई म्हणाल्या, पण माझ्यात एसी आहे. बरोबर आहे, माझ्यात एसी नाही.

पार्किंगवरून सोसायटीत जे झालं ते मात्र सविस्तर सांगायला हवं. आमच्याकडे स्टिकर आहेत. फोर व्हीलर निळा, टू व्हीलर पिवळा, स्टिकरवर गाडीचा नंबर. सायकलींना स्टिकर नाही, त्या जिन्याखाली, मुलांच्या, तीनचार गंजलेल्या. वॉचमनमामा म्हणाले मॅडम ही जिन्याखाली लावा. मी म्हणलं मामा तिथे अडतीस हजारांची वस्तू कशी लावू, आणि तिथे प्लग नाही. मग टू व्हीलरमध्ये लावली तर सेक्रेटरींचा मेसेज, स्टिकर नसलेलं वाहन लावू नये. स्टिकरचा फॉर्म आणला तर त्यात आरसी बुकची झेरॉक्स जोडा. आरसी बुक नाही. मीटिंगमध्ये विषय निघाला, एक गृहस्थ म्हणाले हे वाहन आहे तर चार्जिंगचे पैसे भरा, दुसरे म्हणाले वाहन नाहीये तर टू व्हीलरची जागा कशी, आणि तिसरे, ते नेहमी तिसरंच बोलतात, म्हणाले बॅटरीचा स्फोट झाला तर जबाबदार कोण. तिसरा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नव्हता हे मला मान्य आहे. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. मी बॅटरी काढून वर घरी नेते, अडीच-तीन किलोची आहे, दुधाच्या पिशव्यांसारखी हातात धरून लिफ्टमधून. तिच्याबरोबर आलेल्याच चार्जरने चार्ज करते, आम्ही जागे असताना, आणि पलंगापासून लांब. तोडगा असा निघाला की सायकल आमच्याच कारच्या जागेत, भिंत आणि बंपरच्या मधल्या फटीत उभी राहील. मामांनी एका पिवळ्या स्टिकरवर पेनने फ्लॅट नंबर लिहून लावला. 'बी ४०४ सायकल (लाईट)'. लाईट म्हणजे वीज, वजन नव्हे.

अप्पा, माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. ते सायकल आली त्या दिवशी खाली उतरून आले, दोनदा घंटी वाजवून बघितली, मागचं चाक उचलून फिरवलं, आणि निकाल दिला, "अगं, ही ना धड सायकल, ना धड गाडी." त्यांना अधिकार आहे. सदाशिव पेठेतून खडकीला अॅम्युनिशन फॅक्टरीत ते वर्षानुवर्षं सायकलने गेले. सकाळी भोंग्याच्या आधी पोचायचं, आणि म्हणे रस्ता भरून सायकलीच सायकली, पुढच्याचा टायर आणि आपला टायर यांत वीतभर अंतर. पुणं सायकलींचं शहर होतं हे आता आपण निबंधात लिहितो, पण अप्पांच्या बोलण्यात त्या शहरातल्या कटकटीच जास्त असतात. सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, तो नसला की पकडायचे. रात्री दिवा पाहिजे, रॉकेलचा, तो वाऱ्याने विझला की नेमका पोलीस समोर. डबलसीट पकडलं की चाकातली हवा सोडून द्यायचे. मी म्हणलं अप्पा म्हणजे तेव्हा सायकल हे खरं वाहन होतं, पोलीस सुद्धा तिला ओळखायचे. ते म्हणाले, "ओळखायचे काय, छळायचे." थोडं थांबून म्हणाले, "पण दिसायचो आम्ही, एवढं मात्र खरं."

दिसायचो आम्ही. हे वाक्य त्यांनी सहज टाकलं आणि मला दुसऱ्या दिवशी पौड फाट्याला सापडलं.

कारण रस्त्यावर मी दिसतच नाही. मोटरने चढ घेतला, घाम घेतला (सगळा नाही, पण ऑफिसात लगेच मीटिंगला बसता येण्याइतपत), दमणूक घेतली. भीती नाही घेतली. पंचवीसचा वेग हा फार विचित्र वेग आहे. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला वाटतं सायकल आहे, म्हणजे दहा-बाराने चाललीये, आपण आरामात पुढे जाऊन डावीकडे वळू. तो पुढे जातो आणि वळतो आणि तोवर मी त्याच्या डाव्या दाराशी पोचलेली असते. माझे असे प्रसंग किती झाले ते मी घरी सांगितलेलं नाहीये. उजवीकडे फास्ट लेनमध्ये मी जाऊ शकत नाही, डावीकडे रिक्षा थांबतात, बस आत घुसते, आणि उलट्या दिशेने फोनवर बोलत येणारे टू व्हीलरवाले, त्यांच्या नजरेत तर मी पाप करतीये, त्यांच्या रस्त्यात आले म्हणून.

सायकल ट्रॅक आहेत की, असं म्हणतील कोणी. आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये पालिकेने पुणे सायकल आराखडा मंजूर केला, आठशे किलोमीटरच्या वर जाळं कागदावर. त्याच सुमाराला शहरात भाड्याच्या सायकली आल्या, अॅपवर उघडणाऱ्या, पिवळ्या, केशरी, आणि वर्षादोनवर्षांत आल्या तशा गेल्या. मला जे ट्रॅक लागतात ते असे की सुरू होतो, मग खांब, मग पेव्हर ब्लॉक उचकटलेले, मग विजेच्या डीपीचा डबा, मग झाड (झाडावर माझा राग नाही, ते आधीपासून होतं), मग पाणीपुरीची गाडी, आणि मग एक फूटभर उंचीची पायरी, जिथून सायकल उचलून उतरवायची. बावीस किलोची. साधी सायकल असती तर उचलली असती, गाडी असती तर इथे आलेच नसते.

रस्त्याचा पोत मात्र मला आता पायाने, नाही, बुडाने पाठ झालाय. कुठल्या ड्रेनेजचं झाकण खाली गेलंय, कुठे खोदून नुसती माती टाकलीये, सगळं. कधी काम असलं की पुढे जंगली महाराज रोडला जाते तेव्हा कळतं लोक त्या रस्त्याचं एवढं का सांगतात. १९७६ मध्ये केलेला रस्ता, आणि त्यानंतर कितीतरी पावसाळे त्याने खड्ड्याशिवाय काढले. कारमध्ये बसून हा फरक कळत नाही असं नाही, पण तो सस्पेन्शनला कळतो, आपल्याला नाही.

आता मोडल्याची गोष्ट. मागच्या जुलैत, पाऊस असा की नळस्टॉपला दुमजली पुलाखाली सगळे टू व्हीलरवाले गोळा झालेले, मी रेनकोट घालून शहाणपणा केला आणि निघाले. आनंदनगरपर्यंत ठीक. वनाज मेट्रो स्टेशनच्या पुढे डिस्प्ले विझला. मोटर बंद. आणि मोटर बंद पडलेली ई-सायकल ही जगातली सगळ्यात वाईट सायकल आहे, हबमधली मोटर अडते, वजन दीडपट, गियर माझ्यात नाहीत. चढ तोच, तोच कोथरूड डेपो, तीच बस. २०२० मधल्यासारखी ढकलत वर गेले, फक्त आता पाच वर्षांनी म्हातारी आणि पूर्ण भिजलेली.

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याकडे नेली. तो चाळीस वर्षं सायकली करतोय, चाक डोळ्यांनी सरळ करतो, पण त्याने वायर बघितली आणि हात मागे घेतले, "ताई ही आपली लाईन नाही, गॅरेजला न्या." गॅरेजवाला म्हणाला, "ओ मॅडम ही सायकल आहे, सायकलवाल्याकडे न्या." कंपनीच्या हेल्पलाईनने तिकीट नंबर दिला, चला म्हणलं, निदान कोणीतरी नंबर दिला. सहा दिवस काही नाही. शेवटी आमच्या शॉपिंग सेंटरमध्ये एक जण आहेत, इन्व्हर्टर आणि जुने टीव्ही दुरुस्त करतात, दुकानात कायम सोल्डरिंगचा वास, त्यांनी सहज म्हणलं आणा बघू. मल्टिमीटर लावला, वायर चाचपत चाचपत कंट्रोलरच्या डब्यापर्यंत गेले आणि एक कनेक्टर ओढून काढला, आत हिरवट गंज. स्प्रे मारला, ब्रशने घासला, परत बसवून वरून सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. वीस मिनिटं. म्हणाले, "पाणी वरून नाही आलं, चाकाने खालून उडवलंय." शंभर रुपये. मी त्यांना विचारलं तुम्हाला ही लाईन कशी काय जमते, तर म्हणाले, "लाईन कसली, बॅटरी, स्विच आणि मोटर आहे, पंखाच समजा." इतक्या लोकांमध्ये हा एकच माणूस होता ज्याला ही वस्तू काय आहे हा प्रश्नच पडला नाही.

(पंक्चरचं मात्र सोपं आहे. चाक काढायची गरज नाही, ट्यूब बाजूने ओढून पॅच मारतात. ट्यूब बदलायची असेल तर मोठा पाना लागतो आणि मोटरची वायर सांभाळायला लागते, मी उभी राहून दर दोन मिनिटांनी "दादा वायर, दादा वायर" करते, वैताग येतो त्यांना.)

तरी का चालवते असं मुलीने विचारलं परवा. वेळ वाचतो म्हणाले, पण खरं सांगायचं तर दहा मिनिटंच वाचतात. पैसे म्हणाले, ते एक्सेलमध्ये आहेत. मग मला सुचलं ते असं, की कार असताना प्रत्येक छोट्या कामाआधी एक बारीकशी वाटाघाट चालायची मनात. जाऊ का, पार्किंग मिळेल का, एवढ्यासाठी गाडी काढायची का, मग राहू दे, उद्या दोन कामं एकदम करू. आणि ती दोन कामं शनिवारी पाच व्हायची आणि शनिवार रस्त्यात जायचा. आता कोथिंबीर संपली तर जाते. येताना गुलमोहर फुललाय म्हणून थांबते, पाय टेकवला की झालं, मागून हॉर्न नाही (आहे, पण माझ्यासाठी नाही). ओळखीचं कोणी दिसलं तर बोलता येतं. गाडीतून माणसं दिसायची, पण काच खाली करून हाक मारेपर्यंत सिग्नल सुटलेला असायचा. मुलगी म्हणाली, आई, तू म्हणजे भाजी आणायला अडतीस हजार घातलेस. हो, जवळजवळ तसंच.

कार आम्ही विकली नाहीये. अप्पांना दवाखान्यात न्यायचं असतं, रात्री कुठे लांब, चौघं असलो की, आणि मुसळधार पावसात आता मी कारच काढते, जुलैनंतर शहाणपण आलंय. पण आठवडेच्या आठवडे ती नुसती उभी असायला लागली, तिच्या बंपरला टेकून माझी सायकल. मग गणपतीच्या आधी एकदा पहाटे पाहुण्यांना स्टेशनला सोडायचं होतं, बॅगा भरलेल्या, सगळे बसलेले, नवऱ्याने चावी फिरवली आणि नुसतं टक टक टक. बॅटरी डाऊन. पाहुणे रिक्षाने गेले.

गॅरेजवाला आला, तोच तो, केबल लावून गाडी सुरू केली, आणि सायकलकडे एक नजर टाकून म्हणाला, गाडी उभी ठेवू नका मॅडम, आठवड्यातनं एकदा तरी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर नवीन बॅटरी घालावी लागेल.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही कारला फिरवून आणतो. पिरंगुटच्या बाजूला जातो, मिसळ खातो, येतो. अप्पा पुढे बसतात. परत येताना चांदणी चौकात हमखास अडकतो, मी चुळबुळ करायला लागते, आणि नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणतो, अडकू दे गं, चार्ज होतीये.